नेवासा–दायमाबाद पुरातत्त्व सहल: मॅडमना पाचपैकी पाच, टाइमटेबलला तीन

आधीच सांगते म्हणजे नंतर कुणाचा विरस नको. या सहलीत लेणी नाहीत, किल्ला नाही, स्टेटसला टाकावे असे फोटो पण फारसे मिळत नाहीत. प्रवरेच्या काठची दोन पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची टेकाडं आहेत, त्यावर बाभळी, घाणेरी, वाळलेलं गवत आणि पायाखाली खापरं. आमच्या बसमधल्या काही जणांचे चेहरे पहिल्या अर्ध्या तासातच उतरले होते आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण जाहिरातीत "साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव पाहा" असं लिहिलंय, आणि गाव म्हटलं की भिंती, घरं, रस्ता असं काहीतरी उभं असेल असंच कुणालाही वाटणार. उभं काहीच नाही. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया सरांनी आणि त्यांच्या टीमनं १९५४ ते ५६ आणि परत १९५९ ते ६१ असं नेवाशाला खोदकाम केलं, त्याचे खड्डे आज आपल्याला ओळखू सुद्धा येत नाहीत. तरीपण मी म्हणते की जमिनीखालच्या इतिहासाबद्दल थोडीशी जरी ओढ असेल तर ही सहल करा, आणि ती या आयोजकांबरोबर करायचं एकमेव कारण म्हणजे त्यांच्या गाइड मॅडम.

सोयीचं पटकन उरकते. सकाळी सहाला संभाजीनगरहून बस, माणशी १,६०० रुपये, त्यात नाश्ता, जेवण, दोन्ही चहा आले. बस स्वच्छ होती, वेळेवर सुटली. नाश्त्याला पोहे गरम होते, जेवण नेवाशाजवळ एका घरगुती खानावळीत, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वांग्याची भाजी, पोटभर आणि चांगलं. पाण्याच्या बाटल्या मात्र कमी पडल्या, स्वतःच्या दोन तरी घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट. नेवाशाचं टेकाड, ज्याला तिथे लाडमोड म्हणतात, त्यावर चढलो तेव्हा मॅडमनी लगेच लेक्चर सुरू नाही केलं. आधी सगळ्यांना उताराच्या एका बाजूला नेलं, तिथे पावसाच्या पाण्यानं एक घळ पडलीय आणि मातीचा उभा काप उघडा झालाय, माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढा. दुरून बघितलं तर नुसती धुळकट मातीची भिंत. मग त्यांनी सॅकमधून स्प्रेची बाटली काढली, झाडांना पाणी मारायची असते ना तीच, आणि त्या कापावर हलकंसं पाणी मारलं. कोरडी माती सगळी एकाच रंगाची दिसते पण ओली झाली की प्रत्येक थराचा रंग वेगळा उठतो, आणि खरंच मिनिटभरात त्या भिंतीत पट्टे दिसायला लागले, राखाडी, मग पिवळट, मग एक पांढरी बारीक रेघ, मग काळपट, मग परत राखाडी, पोपडे निघालेल्या भिंतीत जुने रंग एकाखाली एक दिसतात तसे. ती पांढरी रेघ म्हणजे काय असं कुणीतरी विचारलं. चुलीतली राख. आणि तिच्या खाली अगदी सरळ, हाताच्या बोटाएवढी जाड, घट्ट दाबलेल्या मातीची पट्टी होती, ती घराची जमीन. सारवलेली, चोपलेली, त्यावर चूल पेटलेली आणि कुणीतरी ती राख तिथेच पसरलेली. मी त्या पट्टीच्या समोर बराच वेळ उभी राहिले. हात लावायची परवानगी नव्हती आणि ते बरोबरच आहे.

टेकाड बनतं कसं हे मॅडमनी इतकं सोपं करून सांगितलं की आमच्या सोबतच्या सातवीतल्या मुलाला पण कळलं. मातीची भिंत आणि कुडाचं घर किती वर्षं टिकणार, पाऊस लागला की खचतं, मग माणूस ते सपाट करतो आणि त्याच जागेवर नवीन घर बांधतो, त्यात शेण, राख, फुटकी मडकी, हाडं, कोंडा सगळं मिसळत जातं आणि जमीन चढत जाते. शेकडो वर्षं असं चाललं की गाव आपोआप आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच बसतं. पश्चिम आशियात जेरिकोचं टेकाड वीस मीटरच्या आसपास उंच आहे, तिथे लोक कच्च्या विटांची घरं बांधत आणि हजारो वर्षं तिथेच राहिले. आपल्याकडे दख्खनमध्ये वस्त्या मधूनमधून मोडल्या, उठून गेल्या, म्हणून टेकाडं तेवढी चढली नाहीत. पण कमी उंची म्हणजे कमी इतिहास असं अजिबात नाही.

नेवाशाचंच बघा. सगळ्यात खाली नदीची रेती आणि गोटे, त्यात अश्मयुगातली दगडी हत्यारं, म्हणजे शेती, घर, मडकं यातलं काहीच नव्हतं तेव्हाची माणसं. मधल्या अश्मयुगाच्या हत्यारांना तर एकेकाळी नेवासा संस्कृती असंच नाव दिलं होतं, इतकं हे ठिकाण त्या अभ्यासात महत्त्वाचं. त्यावर काळी माती, तिच्यावर पहिलं शेतकरी गाव, ताम्रपाषाण युगातलं (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचे तेव्हाचं), जोर्वे पद्धतीची मडकी वापरणारं, साधारण इ.स.पू. १५०० ते १०००. जोर्वे हे गाव पण प्रवरेवरच, संगमनेरजवळ, तिथल्या १९५०-५१ च्या उत्खननावरून ते नाव पडलं. मॅडमकडे त्या मडक्याची कुंभाराकडून करून घेतलेली नक्कल होती, लाल रंग, त्यावर काळ्या रेघा, बाजूनं नळीसारखी तोटी. टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. ती नक्कल सगळ्यांच्या हातात फिरवली ही फार चांगली गोष्ट केली, कारण त्यानंतर जमिनीवर पडलेली खापरं बघायची नजरच बदलली, जाड-पातळ, भाजणी, रंग, हे सगळं आपोआप दिसायला लागलं.

या थराबद्दल एक गोष्ट ऐकून बसमधल्या बायका एकदम गप्प झाल्या, मी पण. लहान मूल गेलं की त्याला दूर नेऊन पुरत नसत. दोन मडकी घेऊन तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. म्हणजे आई वर स्वयंपाक करतेय आणि तिचं बाळ तिच्या पायाखाली आहे. अशी कितीतरी दफनं नेवाशाला सापडली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष राहिले होते, तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस निघालं. तांब्यामुळे तो दोरा टिकला, नाहीतर सूत कुठलं तीन हजार वर्षं राहतंय. मॅडमनी हे सांगताना आवाज चढवला नाही, नाट्य केलं नाही, सरळ सांगितलं, आणि म्हणूनच ते आत गेलं. (हल्ली बरेच गाइड अशा ठिकाणी भुताखेताच्या गोष्टी घुसडतात, इथे तसलं काही नाही.)

ताम्रपाषाण गाव संपल्यावर मोठी पोकळी. कित्येक शतकं या टेकाडावर कुणी नाही. मग इसवी सनाच्या आधीच्या दीड-दोनशे वर्षांपासून परत माणसं येतात, आता त्यांच्याकडे लोखंड आहे, नाणी आहेत, सातवाहनांचा काळ आहे. त्यावर रोमशी व्यापाराचा थर, पक्क्या विटा, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या उंच वाइनच्या रांजणांची खापरं. विचार करा, इटलीकडचा रांजण जहाजानं भडोच किंवा कोकणातल्या बंदरात उतरला, घाट चढून प्रवरेच्या काठी आला आणि इथे फुटला. इ.स. २०० च्या सुमारास हेही संपतं. आणि मग थेट चौदाव्या शतकाच्या पुढचा, सुलतानी आणि मराठा काळाचा थर.

इथे एका काकांनी जो प्रश्न विचारला तो या सहलीतला सगळ्यात भारी प्रश्न होता. म्हणाले, "मॅडम, ज्ञानेश्वरी १२९० ची, माउलींनी इथेच नेवाशात सांगितली, मग त्या काळाचा थर इथे कसा नाही?" मॅडम खूष झाल्या. म्हणाल्या, काका, टेकाड म्हणजे अख्खं नेवासं नाही. गाव सरकतं. नदीची वळणं, पूर, बाजार, रस्ता, कशामुळेही वस्ती शे-दोनशे पावलं इकडची तिकडे होते, जुनी जागा ओस पडते आणि काही शतकांनी कुणीतरी परत तिथे येऊन राहतं. थर नसणं म्हणजे माणूस नव्हता असं नाही, एवढंच की तो या जागेवर राहत नव्हता. हे उत्तर माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. दुपारी आम्ही पैस खांबाच्या (माउलींनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो) मंदिरात गेलो, दर्शन शांतपणे झालं, गर्दी नव्हती, पण सकाळचं ते बोलणं ऐकून गेल्यामुळे मंदिर आणि टेकाड दोन वेगळ्या गोष्टी न वाटता एकाच गावाचे दोन काळ वाटले. हा क्रम आयोजकांनी अजिबात बदलू नये. आधी टेकाड, मगच मंदिर.

टेकाडावरून उतरताना शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा भेटले, मॅडम त्यांना ओळखत होत्या. "बाबा, ही पांढरी माती पूर्वी न्यायचे ना हो शेतात?" विचारल्यावर म्हणाले, "आमच्या वडलांच्या टायमाला गाड्याच्या गाड्या भरून न्यायचे की, धाब्याच्या घरावर बी टाकायचे, पाणी गळत नव्हतं." म्हणजे महाराष्ट्रातल्या अशा टेकाडांची कडा ठिकठिकाणी कापली गेलेली दिसते ती बरीचशी यामुळे. शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं मिसळलेली माती, पिकाला चांगली, धाब्याला म्हणजे मातीच्या सपाट छताला चांगली, मग लोक नेणारच. बाबांना त्यात काही गैर वाटत नव्हतं आणि मॅडमनी पण त्यांना शिकवायला घेतलं नाही, फक्त ऐकलं. मला त्यांचं हे वागणं फार आवडलं.

पण आमच्याच ग्रुपमधल्या काहींनी खापरं खिशात घातली तेव्हा मात्र त्या कडक झाल्या, आणि झालंच पाहिजे. आयोजकांच्या व्हॉलंटिअरनं हे बघून न बघितल्यासारखं केलं होतं, ही माझी मोठी तक्रार आहे. बस सुटायच्या आधीच सगळ्यांना स्पष्ट सांगायला हवं की एकही खापर, मणी, दगड उचलायचा नाही. मॅडमनी सगळ्यांना परत ठेवायला लावलं आणि का ते सांगितलं: खापर स्वतः काही बोलत नाही, ते कुठल्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होतं त्यावरून त्याचा काळ कळतो. त्यातही किती गोंधळ असतो बघा. सातवाहन काळातल्या माणसानं धान्यासाठी पेव खणलं तर ते त्याच्या हजार वर्षं आधीच्या थरात घुसतं, मग त्यातला लोखंडी खिळा ताम्रपाषाण घरात सापडल्यासारखा दिसतो. उंदीर-घुशींची बिळं पण असाच घोळ करतात. म्हणून खोदणारे आधी पेव ओळखतात, त्यातली माती मऊ आणि रंगानं वेगळी असते, ती स्वतंत्र काढतात आणि तिच्यातल्या वस्तू वेगळ्या पिशवीत भरतात. त्या कापात एक पेव दिसत होतं, वरून घुसलेला तिरका काळपट आकार, सांगेपर्यंत आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं.

आणि याच मुद्द्यासाठी दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातलं हे ओसाड गाव, प्रवरेच्याच काठी. इथे १९७४ साली एका भिल्ल माणसाला झुडपाची मुळं खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या, बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा, सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. आज त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मॅडमनी मोठे प्रिंट काढून आणले होते, रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे तो मी पहिल्यांदाच नीट पाहिला, इतका गोड आहे. बहुतेक अभ्यासक या मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या मानतात, पण पुरातत्त्वज्ञ डी. पी. अगरवाल यांनी शंका काढली होती, कारण धातूत आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आहे आणि त्या काळातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण मिळत नाही. हा वाद मिटत नाही त्याचं कारण एकच, मूर्ती उत्खननात थरातून निघालेल्या नाहीत. महाराष्ट्रातली एवढी मोठी वस्तू आणि तिचा थर हरवलेला. हे टेकाडावर उभं राहून ऐकताना पोटात कालवतं. मला विचाराल तर संग्रहालयात मूर्तीशेजारी हेच सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

बाकी दायमाबादची थरांची गोष्ट नेवाशापेक्षा पण जुनी. १९५८ साली ही जागा लक्षात आली, पुढे तीनदा खोदकाम झालं, शेवटचं आणि मोठं सा. आ. साळी यांचं, १९७५ ते ७९. साधारण पाच मीटर जाडीत पाच संस्कृती एकावर एक: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि वर जोर्वे. म्हणजे इ.स.पू. २२०० च्या आसपासपासून हजारपर्यंत. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची अक्षरं असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या, प्रवरेच्या काठी, हे मला आधी माहितीच नव्हतं. जोर्वे काळात तर गाव वाढून वीस हेक्टरच्या आसपास गेलं.

आणि इतकी समृद्ध जागा आम्हाला जेमतेम पाऊण तासात उरकावी लागली! नेवाशाहून निघतानाच उशीर झाला होता, रस्त्यात तासाभराच्या वर गेला, पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं, मॅडम अक्षरशः पळत सांगत होत्या आणि ड्रायव्हर दादा हॉर्न देत होते. टाइमटेबलचे दोन स्टार इथेच गेले. दोन टेकाडं एका दिवसात बसवायचीच असतील तर सकाळी पाचला निघा, नाहीतर जेवणाचा दीड तास कमी करा, नाहीतर सरळ दोन दिवसांची सहल करा आणि पैसे जास्त घ्या, मी देईन. दुसरी अडचण, दायमाबादला सावली नाही आणि स्वच्छतागृहाची काहीच सोय नाही. बायकांसाठी हे आधी कळवायला हवं होतं, नेवाशातच थांबा देऊन सगळ्यांना सांगता आलं असतं.

माहितीपत्रक देतात ते चार पानी आहे, छपाई चांगली, पण त्यात थरांचं चित्र इतकं बारीक छापलंय की चाळिशीच्या पुढच्या माणसाला दिसणार नाही. ते एक चित्र पानभर छापलं तरी पुरे, बाकी मजकूर कमी केला तरी चालेल.

कुणी जावं? ज्यांना ऐकायची तयारी आहे त्यांनी. सहावी-सातवीच्या पुढची मुलं मस्त रमतात, त्याहून लहान मुलांना ऊन झेपत नाही. गुडघे दुखत असतील तर लाडमोडचा उतार हळू चढता येतो पण घळीकडची वाट घसरडी आहे, काठी हवी. पावसाळ्यात जाऊ नका, गवत इतकं वाढतं की काही दिसत नाही आणि चिखलात पाय रुततात. डिसेंबर-जानेवारी उत्तम, गवत वाळलेलं असतं आणि काप उघडा असतो. बूट घाला, बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात. टोपी, पाणी, आणि जमलं तर छोटं भिंग, खापरावरच्या रेघा बघायला.

आणि एक, सहलीनंतर पुण्याला जाणं झालं तर डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा. इनामगावचं साहित्य तिथे आहे, घोड नदीच्या काठचं ताम्रपाषाण गाव, १९६८ ते १९८३ असं सलग खोदलेलं, शंभराहून जास्त घरं उजेडात आली. तिथे चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेला माणूस मिळाला होता, गावातला कुणीतरी मोठा माणूस असावा असं मानतात. नेवाशाचा काप डोळ्यांनी पाहिल्यावर हे सगळं जास्त चांगलं कळतं, उलटा क्रम केला तर नुसत्या काचेतल्या वस्तू वाटतील.

मॅडम पुढच्या बॅचला आहेत का हे बुकिंग करताना फोन करून विचारा. त्या नसतील तर तारीख पुढे ढकला. मी सासूबाईंना घेऊन परत जाणारे, त्यांना दिवसभराचा प्रवास होत नाही म्हणून फक्त नेवासा अर्ध्या दिवसात करता येईल का असं आयोजकांना विचारलंय, हो म्हणालेत, आठ जण जमले तर गाडी काढतो म्हणाले. कुणाला यायचं असेल तर सांगा.